शिकागोची बाई रेवसच्या हळदीत

माझ्या मुलीच्या हळदीचा डीजे ऐन संध्याकाळी रेवसच्या चिखलात रुतला, आणि त्यात त्या बिचाऱ्याची काहीही चूक नव्हती.

चूक कोणाची होती, हे आमच्या गावात आता बालवाडीतल्या पोरांनाही पाठ आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. माझी. (हे वाचून बायको म्हणेल, "एवढा एक शब्द बोलायला अख्खा लेख लिवायला लागला?") पण चिखलाकडे वळण्याआधी पेटीबद्दल सांगायला हवं. ती पेटी नसती तर मी आज गावात तोंड दाखवू शकलो नसतो.

तरुणपणी मी मालवाहू जहाजावर खलाशी होतो. कोळ्याचं पोर पाण्यावरच जाणार, मला फक्त होडी जरा मोठी मिळाली एवढंच! ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं जहाज कालव्यांतून आणि तलावांतून वाट काढत शिकागोला लागलं आणि इंजिन बिघडून तिथेच अडकलं. धक्क्यावर एक धिप्पाड क्रेनवाला होता. त्याला माझी भाषा कळत नव्हती, मला त्याची कळत नव्हती, त्यामुळे आमचं छान जमलं. एका शनिवारी तो मला एका जुन्या गोदामात घेऊन गेला. आत काळोख, घाम आणि शेकडो माणसं. ढोल चाललेला, एका लयीत, न थकता. त्यावर पियानो उड्या मारतोय, आणि त्याच्याही वर एक बाई गळा मोकळा सोडून गातेय. शब्द निम्मे कळले नाहीत, अर्थ सगळा कळला. बाईच्या आयुष्यात बरंच काही बिनसलेलं होतं, पण ती रडायला तयार नव्हती. ती म्हणत होती, उठा, दोन्ही हात वर करा, सकाळ होणारच आहे! घर सोडून वर्ष होत आलेला मी, त्या गोदामाच्या मधोमध उभा राहून ढसाढसा रडलो आणि लगेच नाचायला लागलो.

ह्या संगीताला 'हाऊस' म्हणतात, असं क्रेनवाल्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी आईसाठी घड्याळ आणि आक्कासाठी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीसाठी, सेंटची बाटली घ्यायला बाजारात गेलो, आणि रेकॉर्डची एक पेटी आणि त्या वाजवायचं सुटकेससारखं यंत्र घेऊन परत आलो.

आईनं मला माफ केलं. आक्का अजून विचार करतेय. आक्का थळला दिलेली. स्वभावानं प्रेमळ, आवाजानं बोटीचा भोंगा. गेली कित्येक वर्षं घरात कुठलाही विषय निघाला, मग तो पापलेटचा भाव असो की कुणाचं बारसं, ती तो सेंटच्या बाटलीवर आणून सोडते. रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिनं विचारलं होतं, "ह्याला कय म्हनतान?" मी म्हटलं, "हाऊस. म्हणजे घर." ती म्हणाली, "मंग घरानच ठेव, मध्या. भायेर नको काढू."

बायकोचं, सुगंधाचं, पेटीशी असलेलं नातं जास्त व्यवहारी होतं. एकदा मी सुट्टीवर आलो तर एक रेकॉर्ड सुकटाच्या डब्यावर झाकण म्हणून बसलेली. "बरोब्बर मापाची हाय," सुगंधा कौतुकानं म्हणाली. मी ती धुतली, पुसली, उन्हात वाळवली (हे करू नये, रेकॉर्डला पोक येतं), पण त्या बाईच्या आवाजाला त्यानंतर सुकटाचा जो वास लागला तो लागलाच.

पेटीच्या बाजूनं घरात एकच माणूस होतं, आमची निकिता. तान्ही असताना ती कशानंच झोपायची नाही. अंगाईनं जास्तच रडायची. एकदा वैतागून मी तिच्या झोळीशेजारी यंत्र ठेवलं आणि ती पियानोवाली रेकॉर्ड लावली. पोरगी गप्प! चार ठोके झाले, झोळीतून दोन मुठी वर आल्या, आणि बाईनं दुसरं कडवं घेईपर्यंत निकिता झोपली. शिकागोत लोक ज्या गाण्यावर रात्रभर जागायचे त्यावर आमची मुलगी झोपायला शिकली. मोठी झाल्यावर ती अभ्यासाला बसली की तीच रेकॉर्ड, परीक्षेला निघाली की तीच, आणि अलिबागच्या कचेरीत नोकरी लागली त्या दिवशीही तीच.

तर, निकिताचं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नाला नाही आलात तरी चालतं. हळदीला नाही आलात तर बोलणं बंद. नवऱ्यामुलाचं नाव चुकून विसरतील, पण हळदीला वाजवायला कोण होतं हे लोक नातवंडांना सांगतात. आणि जिच्या हळदीत कुणी नाचलं नाही, तिच्या आईबापानं मग गावात मान खाली घालून फिरायचं. एवढं सगळं त्या एका संध्याकाळवर अवलंबून, आणि त्या संध्याकाळचं संगीत मी माझ्या अंगावर घेतलं!

आक्कानं आधीच सांगितलं होतं. "गावची बँजो पार्टी हाय ना? घरची पोरां हान. तीच ठेव."

"आक्का, बँजो सगळेच ठेवतात. मी करंजावरून डीजे आणतोय. चार बेस, चार टॉप!"

"पोटान दुखंल लोकांच्या."

"दुखू दे!"

बँजो पार्टीला मी इतक्या रुबाबात नाही म्हटलं की त्यांनी त्याच संध्याकाळची शेजारच्या मांडवा गावची सुपारी घेतली. परतीचा दोर मी स्वतःच्या हातानं कापला, आणि वर त्यांना शुभेच्छाही दिल्या.

आता करंजा आमच्या समोर दिसतं. खाडीच्या पलीकडे दिवे लागले की मोजता येतात. पण रस्त्यानं जायचं तर पेण, वडखळ असा सगळा वळसा, आणि वडखळला गाडी एकदा अडकली की आतल्या माणसाची हळद होऊन बारसंही उरकतं. म्हणून मी ठरवलं, डीजे होडीनं आणायचा! चुलतभाऊ बाळ्याची होडी होतीच. राहिला प्रश्न भरतीचा. भाटी, म्हणजे ओहोटी, लागली की रेवसच्या धक्क्यासमोर नुसता चिखल, त्यामुळे होडी पाणी असतानाच आत आली पाहिजे.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की जितके येतील तितक्या वाजता भरती. कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं, सुगंधा तर रोज त्याच हिशेबानं मासळीला जाते. पण मी सात समुद्र फिरलेला माणूस! मी कशाला विचारू? लग्नाच्या पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत पंचमी छापली होती. मी पंचमीची पाऊणपट केली. गणित अगदी बरोबर आलं.

पंचमी लग्नाची होती. हळद आदल्या दिवशी, चतुर्थीला.

म्हणजे खरी भरती माझ्या भरतीच्या पाऊण तास आधीच येऊन जाणार होती. एवढ्यानंही कदाचित निभावलं असतं. पण दुपारी बाळ्याचा करंजावरून फोन आला.

"दादूस, समान भरला. पानी उतराला लागलाय. निंगू काय?"

"अरे उतरतंय कुठलं? अजून चढतंय! आणि डीजेला विचार, आणखी दोन बेस मिळतील काय."

"मिलतील, पन आनाला वकत लागंल. दादूस, वजन लय हाय, होरी चिखलान बसंल."

"बाळ्या," मी आवाज खाली आणून म्हटलं, "मी अटलांटिक ओलांडलाय."

"तितं चिखल नसंल दादूस," बाळ्या म्हणाला. पण आमच्या घरात थोरल्याचा शब्द मोडायची पद्धत नाही. अशा पद्धती कधीकधी मोडाव्यात, असं माझं आता मत झालंय.

संध्याकाळी मी पिवळा कुडता आणि नवाकोरा पांढरा लेंगा घालून धक्क्यावर उभा. (लेंगा इलॅस्टिकवाला होता. हे लक्षात ठेवा.) लांबून होडी दिसली. वर काळ्या स्पीकरांचा डोंगर, आणि डोंगरावर आमचा डीजे बंटी, गॉगल लावून! काय देखावा होता! होडी हाकेच्या अंतरावर आली आणि थांबली. बंटी दोन्ही हात हलवायला लागला. मला वाटलं, काय नम्र पोरगा आहे! मीही दोन्ही हात हलवले. त्यानं आणखी जोरात हलवले. मी तर वाकून नमस्कार केला. मग होडी हळूच एका कुशीवर कलली, आणि मला दिसलं की तिच्या खाली पाणी नाहीच.

"दादूस," बाळ्या होडीवरून ओरडला, "आटलांटिक संपला!"

बातमी मांडवात माझ्या आधी पोचली. मी परतलो तेव्हा सगळा गाव जमलेला, निकिता पिवळ्या साडीत पाटावर बसलेली, बायका हातात हळदीच्या वाट्या घेऊन तयार, आणि मांडवात अशी शांतता की कढईतल्या वड्यांचा आवाज यावा. लोक रांगेनं धक्क्यावर जाऊन डीजे बघून येत होते. "दिसतो बरा," एक जण परत येऊन सांगत होता. "नुसता दिसतो."

सुगंधा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 

"अवो, सहा बेस आनलाव ना? आता त्या चिखलानच पोरीची हलद लावू काय?"

"थांब, मी काहीतरी करतो," मी म्हटलं. हे वाक्य मी दुपारीही म्हणालो होतो.

मांडववाल्याकडे दोन भोंगे आणि एक माइक होता, पाहुण्यांना जेवायला बोलवण्यापुरता. त्याच्या अँप्लिफायरला दुसरं काही जोडायची सोय नव्हती. आम्ही माइकसमोर माझा मोबाइल धरला आणि गाणं लावलं. भोंग्यातून डास गुणगुणल्यासारखा आवाज आला. तरी दोन बायकांनी पदर खोचले! तेवढ्यात गाणं थांबलं आणि एक बाई गोड आवाजात अख्ख्या गावाला विचारायला लागली, "गार पाणी प्यायल्यावर तुमच्या दातांत कळ येते का?"

"येतंय!" मागून कुणीतरी म्हातारं ओरडलं.

जाहिरात संपली, गाणं सुरू झालं, आणि मोबाइल वाजला. मांडव्याहून बँजो पार्टीचा म्होरक्या. गडबडीत फोन माइकसमोरच उचलला गेला आणि सगळ्या गावानं भोंग्यावरून ऐकलं, "काका, डीजे कसा वाजतोय?"

मांडवात हसण्याची अशी लाट उठली की मला त्या चिखलात जाऊन बंटीशेजारी बसावंसं वाटलं. पण हसण्यात निकिता नव्हती. ती पाटावर बसून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी साठलेलं होतं. जगभरची वादळं बघितलेला मी, ते दोन थेंब बघून पार गळालो. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो.

"निकू, चुकलो गो."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आपली बाई लावा ना."

"कुठली बाई?" सुगंधानं एकदम विचारलं.

मी घरात धावलो. पलंगाखालून पेटी ओढली, यंत्र बाहेर काढलं, झाकण उघडलं, आणि कळलं की तबकडी फिरवणारा पट्टा कधीच वितळून गुळासारखा झालाय. रबर शोधलं. मासळीच्या पिशवीचं बसवलं, तटकन तुटलं. पायपुसण्यापासून पडद्यापर्यंत सगळं घर पालथं घातलं. बाहेर लोक चपला शोधायला लागल्याचा आवाज येत होता. आणि मग माझी नजर खाली माझ्या स्वतःच्या कंबरेवर गेली.

इलॅस्टिक नवं होतं. मी कात्री घेतली, इलॅस्टिक ओढून काढलं, उभं चिरून अर्धी पट्टी गाठ मारून चढवली. चाक फिरायला लागलं! माझं यंत्र चालू झालं आणि माझा लेंगा बंद पडला. त्या क्षणापासून माझा डावा हात लेंग्याच्या सेवेत रुजू झाला, आणि उरलेला सगळा समारंभ मी उजव्या हातानं पार पाडला.

यंत्र मांडवातल्या टेबलावर आणून ठेवलं. त्याच्या पोटात ताटाएवढा स्पीकर होता. मांडववाल्यानं त्याच्यासमोर माइक बांधला. मी पियानोवाली रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली आणि डोळे मिटले. भोंग्यातून चार वर्षांची पोर रागानं किंचाळावी तसा आवाज आला!

"हीच काय ती बाई?" आक्कानं विचारलं. "हिला सेंट आनलास ना?"

गडबडीत वेगाचा खटका वरच्या आकड्यावर राहिला होता. मी तो खाली ओढला. तबकडी दमून जरा रेंगाळली, सावरली, आणि मग आला तो ढोल. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. भोंग्यानं त्याला जरा घोगरा केला होता, पण ठोका कसा, पोटात! त्यावर पियानो आला, पायऱ्यांवरून पोरं धावत उतरावीत तसा, आणि मग तिनं आवाज लावला.

मांडवातल्या माना वर झाल्या. भाषा कुणाची नव्हती, पण आमच्या बायका आयुष्यभर पहाटे टोपल्या डोक्यावर घेऊन निघालेल्या. नवरा दर्यावर, हातात काम आणि तोंडात गाणं. गाणारी बाई कसल्या धबडग्यातून गातेय हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. सुगंधाची थोरली जाऊ उठली. मग तिची सून. मग शेजारपाजारच्या पाचसहा. त्यांनी पदर खोचले, ठोक्यावर पाय टाकला, आणि सुई 'खर्रर्र' करून थेट रेकॉर्डच्या दुसऱ्या टोकाला!

पुन्हा लावली. पुन्हा पाय पडले, पुन्हा खर्रर्र. मांडवात फळ्या टाकल्या होत्या. नाचलं की फळ्या उडायच्या, फळ्या उडल्या की टेबल उडायचं, टेबल उडालं की बाई गायची थांबायची. म्हणजे संगीत वाजेल, पण कुणी नाचायचं नाही! मी माइक घेऊन विनंती केली, "मंडळी, कृपया हळू नाचा." आमच्या गावात आजवर माइकवरून इतकं निरुपयोगी वाक्य कुणी बोललेलं नाही.

आणि तेव्हा आक्का उठली. मला वाटलं, आता बाटली निघणार. पण ती मागच्या पडवीत गेली आणि एक जुनं जाळं ओढत आली.

"सरक," ती मला म्हणाली. "पोर झोपला असंल, न त्याला धक्का लागू द्याचा नसंल, तं कय करतान?"

"झोळीत घालतात."

"मंग?"

तिनं जाळ्याची चौपदरी घडी घातली आणि मांडवाच्या आडव्या वाशाला दोन्हीकडून दोर मारला. आम्ही दोघांनी (तीन हातांनी) ते यंत्र उचलून अलगद झोळीत ठेवलं आणि माइक पुन्हा बांधला. आक्कानं वरून हात ठेवून झोळी स्थिर केली, तान्ह्या बाळाला थोपटावं तशी. मी सुई टेकवली आणि म्हटलं, "नाचा!"

खाली फळ्या उडाल्या, टेबल उडालं, टेबलावरचं हळदीचं ताट उडालं, माझा चष्मा उडाला. झोळी तेवढी जागच्या जागी राहिली आणि बाई गातच राहिली!

त्यानंतर जे झालं ते मी कितीही वाढवून सांगितलं तरी कमीच पडेल. बायका नाचल्या, पुरुष नाचले. ज्यांचे गुडघे डॉक्टरांनी बंद ठेवायला सांगितले होते ते गुडघे नाचले. आचारी झारा घेऊन नाचला, त्यामुळे वडे जरा करपले, पण तक्रार कुणी केली नाही. चपला शोधायला गेलेले लोक चपला फेकून परत आले. एक रेकॉर्ड संपली की "आनखी एक!" ओरडा, की मी उजव्या हातानं पेटीतून पुढची काढतोय. सुकटाच्या डब्यावरची रेकॉर्ड लावली तेव्हा तर सुगंधा स्वतः उठली आणि हसत हसत म्हणाली, "ही माजी!" पोक आलेली ती तबकडी झोळीत वरखाली होत फिरत होती आणि तिच्या वरखाली होण्यासकट लोक तिच्यावर नाचत होते. बाजूला उभं राहून मी बघत होतो. मला तेव्हा त्या गोदामाची फार आठवण आली. एवढ्या वर्षांपूर्वी, इतक्या लांब, कुणीतरी आपलं दुःख बाजूला सारून हे बनवलं, आणि त्याला ठाऊकही नाही की रेवसला एक नवरी पाटावरून उठून त्यावर नाचतेय.

होय, निकिता उठली होती. तोंडभर हळद, कपाळावर हळद, आणि दोन्ही मुठी वर. झोळीत असताना करायची तश्शीच.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी एक काळी आकृती येऊन उभी राहिली. पायापासून कानापर्यंत चिखल, डोळ्यांवर गॉगल. डीजे बंटी! भोंग्याचा आवाज होडीवर पोचला तेव्हा त्याला राहवलं नाही आणि तो बाळ्याच्या खांद्याला धरून चिखल तुडवत आला होता. एका काकूनं त्याला बघितलं आणि चिखलावरूनच दोन्ही गालांना हळद फासली. तो तसाच झोळीपाशी गेला. गॉगल काढला आणि फिरणाऱ्या तबकडीकडे बघत राहिला.

"काका," तो म्हणाला, "हा ओरिजिनल आहे?"

"शिकागोहून आणलाय. मी स्वतः."

"शप्पथ? काका, हा पियानो आम्ही सगळे वापरतो! अख्ख्या उरणमधे, पनवेलमधे, ज्याला त्याला विचारा. इकडून उचलतो, तिकडे चिकटवतो. पण हा कुठून आला ते कोणालाच माहीत नाय." त्यानं चिखलाचा हात कुडत्याला पुसला (माझ्या), आणि देवाच्या मूर्तीला लावावा तसा तबकडीच्या कडेला लांबूनच दाखवून कपाळाला लावला. "पाणी आलं की माझा सेट येईल. पण काका, लावायचा कशाला? तुम्हीच वाजवा."

हे त्यानं माइकच्या अगदी जवळ उभं राहून म्हटलं होतं. अख्ख्या मांडवानं ऐकलं! शिट्ट्या झाल्या, आरोळ्या झाल्या. आक्का झोळी धरूनच ओरडली, "मध्या, सेंट माफ!" मित्रांनो, मला आयुष्यात बढत्या मिळाल्या, बंदरं मिळाली, एकदा कप्तानाशी हस्तांदोलनाचा मानही मिळाला, पण 'सेंट माफ' ह्या दोन शब्दांची सर कशालाच नाही.

मी त्या विजयाच्या नशेत पियानोवाली पुन्हा लावली. ढोल आला, पियानो आला, बाई चढत चढत तिच्या त्या जागेवर पोचली जिथे ती सगळ्या जगाला दोन्ही हात वर करायला सांगते. मांडवातले सगळे हात वर गेले. निकिता माझ्याकडे बघून ओरडली, "बाबा, दोन्ही!"

मुलीचा शब्द, हळदीचा दिवस, बाईचा आग्रह. मी दोन्ही हात वर केले.

पुढचं मी सांगत नाही. व्हिडिओ आहे. तो रेवसवरून करंजाला, करंजावरून उरणला आणि तिथून नवऱ्यामुलाच्या घरी लग्नाच्या मुहूर्ताआधीच पोचला. विहीणबाईंनी दुसऱ्या दिवशी माझं स्वागत करताना आधी माझ्या कंबरेकडे बघितलं, खात्री करून घेतली, आणि मगच ओवाळलं.

पण पेटी आता पलंगाखाली नाही. ती बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या जागी आहे, आणि टीव्ही पलंगाखाली आहे. सुगंधानंच हलवली. रविवारी बंटी त्याच्या दोन मित्रांना घेऊन येतो आणि तिघं जण चपला बाहेर काढून रेकॉर्ड ऐकत बसतात. थळपासून मांडव्यापर्यंत हळदीची बोलावणी यायला लागली आहेत. झोळी बांधायला आक्का बरोबर येते आणि आपलं जेवण आधी ठरवून घेते. पत्रिकेबरोबर सगळीकडून न चुकता दोन अटी येतात. होडी कधी सोडायची ते काका सांगणार नाहीत, आणि काका नाडीचा लेंगा घालून येतील.

दोन्ही अटी मला मान्य आहेत. भरतीचं मी आता सुगंधाला विचारतो. आणि नाडीला खलाशाची गाठ मारतो. अटलांटिकमध्ये शिकलेली तेवढी एकच गोष्ट रेवसला उपयोगी पडली.